ॲनालॉग गेमिंग कीबोर्ड घ्यावा का? तोच कीबोर्ड वडिलांच्या डीटीपी दुकानातही वापरायचा आहे

निपाणीचा_धाकटा

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. घर निपाणीत असून तेथे वडिलांचे डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल अशी कामे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत चालतात. शनिवार-रविवारी मी घरी असलो की दुकानातल्या एकाच संगणकावर दिवसा टायपिंग आणि रात्री शटर अर्धे ओढून व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हे नेमबाजीचे गेम, असा माझा क्रम असतो.

सध्याचा कीबोर्ड तीन वर्षांपूर्वी घेतलेला, लाल स्विचांचा मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेला आहे. त्याच्या एस कळीला अलीकडे दुखणे जडले असून ती एकदा दाबली तरी कधीकधी दोनदा उमटते. गेममध्ये हे खपून जाते, परंतु इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत एस म्हणजे एकाराची मात्रा असल्यामुळे 'यांचे' लिहिताना 'चे'च्या पुढे दुसरी मात्रा येते आणि ती आपल्यासोबत ठिपक्यांचे एक वर्तुळ घेऊन पत्रिकेत बसते. गेल्या महिन्यात असे एक वर्तुळ थेट वधूपित्याच्या नावापुढे छापले जाता जाता राहिले.

खोलीवरचा मित्र म्हणतो की आता मेकॅनिकल घेणे म्हणजे जुन्या जमान्यात राहणे आहे, हॉल इफेक्टचा, म्हणजे कळ किती खोल दाबली हे चुंबकाने ओळखणारा ॲनालॉग कीबोर्डच घे. माझ्याजवळ सहा हजार रुपये साठले आहेत आणि फारच गरज असेल तर वडिलांना विचारून पंधरा हजारांपर्यंत जाता येईल. या कीबोर्डांनी खेळात खरोखर फरक पडतो का, स्वस्त चिनी आणि महागडा आयात केलेला यांत नेमके काय अंतर आहे, आणि मुख्य म्हणजे त्यावर दिवसभर मराठी टायपिंग करता येते का, हे प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगावे, ही विनंती.

टिळकवाडी_तळमजला

मी दीड वर्ष असा कीबोर्ड वापरतो आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. फरक पडतो, पण तो कळ दाबण्यात पडत नाही, कळ सोडण्यात पडतो, आणि जाहिराती नेमके हेच नीट सांगत नाहीत.

तुमच्याकडच्या लाल स्विचाची एकूण चाल ४ मिमी असते आणि साधारण २ मिमी खाली गेल्यावर दाब नोंदवला जातो. खेळताना आपण कळ तळापर्यंत दाबून धरतो. बोट उचलल्यावर ती जवळजवळ २ मिमी वर येईपर्यंत संगणकाच्या लेखी कळ दाबलेलीच असते आणि तुमचा खेळाडू चालतच राहतो. रॅपिड ट्रिगर नावाची जी सोय या कीबोर्डांत असते, ती हा ठरावीक बिंदूच काढून टाकते. बोट खालच्या दिशेने निघाले की कळ चालू आणि वरच्या दिशेने ०.१ किंवा ०.२ मिमी हलले की बंद, मग कळ त्या क्षणी कितीही खोल असो. बोट सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने उचलले जाते असे धरले, तर २ मिमीला २० मिलिसेकंद लागतात आणि ०.२ मिमीला २. म्हणजे बचत १८ मिलिसेकंदांची.

आता हे १८ मिलिसेकंद कुठे उपयोगी पडतात ते पाहा. काउंटर-स्ट्राइकमध्ये धावताना झाडलेली गोळी भरकटते, म्हणून उजवीकडे धावत असताना डी सोडून क्षणभर ए मारायचा, खेळाडू जागच्या जागी थांबवायचा आणि मग नेम साधायचा. व्हॅलोरंटमध्ये नुसती कळ सोडली तरी खेळाडू लवकर थांबतो, पण तेथेही सोडल्याची नोंद जितक्या लवकर होईल तितकी पहिली गोळी सरळ जाते. कोपऱ्यावरून डोकावून मारणाऱ्यांना हा फायदा हाताला जाणवतो, हे मी शपथेवर सांगेन. माझी रँक दोन महिन्यांत एक पायरी वर गेली हेही खरे, मात्र त्याच सुमारास परीक्षा संपून मी रोज चार तास खेळू लागलो होतो. तेव्हा श्रेय कीबोर्डाला द्यायचे की सुट्टीला, हे माझे मलाच ठरवता आलेले नाही.

एक इशाराही देतो. जुलै २०२४मध्ये रेझर या कीबोर्ड कंपनीने स्नॅप टॅप नावाची सोय आणली. ए आणि डी दोन्ही दाबलेल्या असल्या तरी शेवटी दाबलेलीच ग्राह्य धरायची, अशी ती युक्ती असून इतर कंपन्यांनीही ती वेगवेगळ्या नावांनी दिली. ऑगस्ट २०२४मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने आपल्या अधिकृत सर्व्हरांवर अशा आपोआप होणाऱ्या हालचालींना मनाई केली आणि तशी नोंद आढळल्यास खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले जाते. रॅपिड ट्रिगरला ही मनाई लागू नाही. त्यामुळे कीबोर्ड कोणताही घ्या, पण काउंटर-स्ट्राइक सुरू करण्यापूर्वी ती एक सोय बंद आहे ना, हे पाहून घ्या. दुकानदार मात्र हीच सोय पहिल्यांदा दाखवतो.

उद्यमबाग_जनरल_शिफ्ट

मी उद्यमबागेत सीएनसी यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. गेमिंगचा माझा संबंध मुलापुरताच आहे, परंतु हॉल सेन्सर रोज हाताखालून जातात, म्हणून यंत्राच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

मेकॅनिकल स्विचात धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. टेकताना त्या क्षणभर थरथरतात, म्हणून कीबोर्डाचे नियंत्रक काही मिलिसेकंद थांबून मगच एक ठोका मोजते. पट्ट्या झिजल्या, त्यांवर धूळ बसली किंवा आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या दमट हवेने गंज धरला, की ही थरथर त्या मुदतीपलीकडे जाते आणि एका ठोक्याचे दोन होतात. तुमच्या एस कळीचा आजार बहुधा हाच आहे. हॉल इफेक्टच्या कळीत टेकण्यासारखे काहीच नसते. दांड्याच्या टोकाला छोटे चुंबक असते आणि खाली पाटीवर सेन्सर बसवलेला असतो. चुंबक जवळ आले की सेन्सरचा विद्युतदाब बदलतो आणि त्यावरून कळ किती खोल गेली आहे हे सतत कळत राहते. एडविन हॉल यांना हा परिणाम १८७९मध्ये आढळला आणि हनीवेलने या तत्त्वावरचे कीबोर्ड १९६०च्या दशकाच्या अखेरीसच बाजारात आणले होते, तेव्हा तुमच्या मित्राचा 'नवा जमाना' तसा पुष्कळ जुना आहे. विजेवरच्या स्कूटरची मूठ तुम्ही पिळली असेल. तिच्यातही सहसा हॉल सेन्सरच असतो. साधा स्विच म्हणजे घरातल्या दिव्याचे बटण आणि हॉलची कळ म्हणजे ती मूठ, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता स्वस्त आणि महाग यांविषयी. पेटीवर ०.०१ मिमी अचूकता असे छापलेले असते. आमच्या शॉपमधल्या व्हर्नियर या मोजपट्टीचा लीस्ट काउंट, म्हणजे तिला मोजता येणारे सर्वांत लहान अंतर, ०.०२ मिमी आहे आणि ती पोलादाच्या जॉबवर टेकवून, श्वास रोखून वाचावी लागते. प्लॅस्टिकच्या सैल दांड्यावर, थरथरत्या बोटाखाली ०.०१ मिमी मोजल्याचा दावा करणारा कीबोर्ड फार तर तेवढ्या बारीक पायऱ्यांत आकडा वाचू शकतो. तो आकडा बरोबर असेलच, असा त्याचा अर्थ होत नाही. चुंबके सगळी सारख्या ताकदीची नसतात, तापमानाप्रमाणे त्यांचे क्षेत्र थोडे बदलते आणि दांडा डगमगला तरी सेन्सरला कळ हलल्यासारखे वाटते. चांगल्या कंपनीचे पैसे येथेच जातात, म्हणजे दांडा घट्ट बसवणे, प्रत्येक कळीचे वेगळे कॅलिब्रेशन करणे आणि आकड्यांतला गोंगाट गाळणारे फर्मवेअर (कीबोर्डाच्या आतले सॉफ्टवेअर) लिहिणे यांत. ८००० हर्ट्झच्या पोलिंगचेही, म्हणजे कीबोर्डाने सेकंदाला ८००० वेळा नोंद पाठवण्याचेही, तसेच आहे. १००० हर्ट्झला दर मिलिसेकंदाला नोंद जाते आणि ८०००ला दर ०.१२५ मिलिसेकंदाला, म्हणजे सगळी बचत धरूनही ती एका मिलिसेकंदाच्या आतच राहते. त्यासाठी हजार रुपये जास्त मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवीन कीबोर्ड घेण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करा. तुमच्या कीबोर्डाचे स्विच उपसून काढता येणारे असतील, तर एस खालचा स्विच आणि स्क्रोल लॉक खालचा स्विच यांची अदलाबदल करा. दोष स्विचाबरोबर स्क्रोल लॉककडे गेला तर स्विच खराब आहे, आणि एसपाशीच राहिला तर पाटीत खोट आहे. उपसताना चिमटा सरळ धरा, पिना वाकल्या तर नवाच आजार सुरू होईल.

खानापूर_चौथा_गिअर

वरच्या दोघांनीही ॲनालॉग या शब्दाचा खरा अर्थ बाजूलाच ठेवला, म्हणून लिहितो. रॅपिड ट्रिगरमध्ये कीबोर्ड शेवटी संगणकाला चालू किंवा बंद एवढेच सांगतो. ॲनालॉग म्हणजे कळ अर्धी दाबली तर गाडीचे चाक अर्धे वळणे. नेदरलँड्समधल्या वूटिंगने २०१६मध्ये लोकवर्गणीतून पहिला कीबोर्ड काढला तो याच कल्पनेवर, आणि त्यातले स्विच तेव्हा चुंबकाचे नव्हते, प्रकाशाचे होते. कीबोर्ड स्वतःला गेमपॅड म्हणवून घेतो आणि कळीची खोली गेमपॅडच्या काडीसारखी पाठवतो.

मी रेसिंग खेळतो. साध्या कीबोर्डावर वळणात आपण डी कळ टकटक मारत राहतो, म्हणजे चाक पूर्ण वळते, सरळ होते आणि पुन्हा पूर्ण वळते. ॲनालॉगवर बोट निम्म्यात धरून ठेवता येते आणि चोर्ला घाटासारखे एकामागून एक वळण असले तरी गाडी शेपूट हलवत नाही. मात्र ४ मिमीच्या चालीत निम्मे म्हणजे २ मिमी, आणि त्यात बोट स्थिर ठेवायला मला तीन आठवडे लागले. अडीच हजारांचा गेमपॅड या कामाला अजूनही सरस आहे, हे मी नाइलाजाने कबूल करतो. शिवाय काही गेम गेमपॅड आणि माउस एकत्र आले की गोंधळतात आणि पडद्यावरची बटणांची चित्रे सारखी बदलत राहतात. तुमचे व्हॅलोरंट तर संगणकावर गेमपॅड मानतच नाही. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गेमांसाठी ॲनालॉग हे नाव कामाचे नाही, रॅपिड ट्रिगर तेवढे कामाचे आहे.

आणखी एक विचारतो. दुकानातला मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र (फ्रेम) बदलतो? ६० हर्ट्झचा असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे तळमजलावाल्यांनी वाचवलेले १८ मिलिसेकंद जेमतेम एका फ्रेमएवढे. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर फ्रेम ६.९ मिलिसेकंदांची होते आणि तोच फायदा अडीच फ्रेमांचा दिसतो. माझ्याकडे पावसाळ्यात मुंबईच्या सर्व्हरचा पिंग, म्हणजे संदेश तेथे जाऊन परत यायला लागणारा वेळ, मध्येच शंभर मिलिसेकंदांवर उडी मारतो, तेव्हा कीबोर्डाने वाचवलेले सगळे व्याजासकट परत जाते. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर आधी मॉनिटर घ्या.

टिळकवाडी_तळमजला

मॉनिटरचा मुद्दा मान्य आहे, तो माझ्या लक्षातच आला नाही. माझा आधीपासून १४४चा असल्यामुळे मी त्याला गृहीत धरले होते.

शहापूर_अक्षरजुळणी

मी शहापुरात बावीस वर्षे डीटीपी करतो आणि वयाने मोठा असल्यामुळे अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. तू तिसरा प्रश्न मुख्य म्हणालास आणि सगळ्यांनी पहिल्यावरच भांडण मांडले.

माझ्या पुतण्याने असला एक कीबोर्ड आणून माझ्या टेबलावर लावला आणि रात्री खेळून सकाळी तसाच ठेवून गेला. त्याने डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार कळा ०.१ मिमीवर लावल्या होत्या, म्हणजे बोट नुसते टेकले तरी उमटणार. खेळणाऱ्याला त्या चार कळा म्हणजे पुढे, डावीकडे, मागे आणि उजवीकडे. इन्स्क्रिप्टमध्ये डब्ल्यूवर ऐकाराच्या दोन मात्रा आहेत, एवर ओकार आहे, एसवर एकार आहे आणि डीवर पाय मोडण्याचे हलन्त चिन्ह आहे. आपण टायपिंग करताना डाव्या हाताची बोटे याच ओळीवर टेकवून विसावा घेतो. मी 'सहकारी पतसंस्था' लिहायला घेतले आणि सहकाराला मध्येच ओकार लागला, पतसंस्थेचा पाय नको तेथे मोडला, आणि दहा ओळींत जेवढे हलन्त पडले तेवढे मी आठवड्यात टाकत नाही. अर्धा तास मला वाटले, आपलाच हात थरथरू लागला आहे. डॉक्टरकडे जायच्या बेतात होतो.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. या कीबोर्डांत दोन-तीन वेगळ्या मांडण्या साठवता येतात आणि एफएन कळीबरोबर एक आकडा दाबून त्या बदलता येतात. टायपिंगच्या मांडणीत सगळ्या कळा १.५ ते २ मिमीवर ठेवायच्या आणि रॅपिड ट्रिगर बंद ठेवायचा. खेळण्याच्या मांडणीत त्या चारच कळा हलक्या करायच्या, त्याही ०.१वर नको, ०.४-०.५वर. एवढे केले तर हाताला छान लागतात, हे मी पुतण्यासमोर म्हणालो नाही, येथे म्हणतो.

खरी अडचण वेगळीच आहे. खेळणाऱ्यांना माउस फिरवायला जागा हवी असते म्हणून हे कीबोर्ड बहुतेक आखूड असतात. त्यांत उजवीकडचा आकड्यांचा भाग नसतो, काहींत वरची एफची ओळ नसते आणि साठ टक्के आकाराच्या कीबोर्डात तर बाणांच्या कळाही वेगळ्या नसतात. कोरलड्रॉ या पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये गणपतीचे चित्र केसभर डावीकडे सरकवायला बाणच लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरे ऑल्ट दाबून आकडे मारूनच काढावी लागतात आणि ते आकडे उजवीकडच्या भागातलेच लागतात, वरच्या ओळीतले चालत नाहीत. तुझ्या वडिलांकडे अशा जुन्या फाइली शेकड्यांनी असतील. त्यांना न विचारता आखूड कीबोर्ड नेऊन ठेवलास तर दुसऱ्या दिवशी तो माळ्यावर दिसेल.

उद्यमबाग_जनरल_शिफ्ट

अक्षरजुळणीकाकांनी सांगितलेले मला सुचलेही नसते. त्याला जोडून एक सांगतो. या कीबोर्डांत साधे मेकॅनिकल स्विच बहुधा चालत नाहीत आणि एका कंपनीची चुंबकी कळ दुसऱ्या कंपनीच्या पाटीवर नीट वाचली जाईलच असे नाही, कारण चुंबकाची ताकद आणि दिशा जुळावी लागते. साधा स्विच वीस-तीस रुपयांत मिळतो. येथे एक कळ गेली तर त्याच कंपनीचा सुटा भाग शोधत बसावे लागेल. आयात केलेल्याबाबत हिशेबही करून ठेवा. वूटिंगचा ६०एचई हा १७४.९९ डॉलरला जाहीर झालेला कीबोर्ड, म्हणजे आपले पंधरा हजार तेथेच संपले. वाहतूक, सीमाशुल्क आणि १८ टक्के कर त्यावर वेगळे. आणि तोही साठ टक्क्यांचाच आहे.

निपाणीचा_धाकटा

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी घरी गेल्यावर तपासले. दुकानातला मॉनिटर ६० हर्ट्झचा निघाला. बाबांना आखूड कीबोर्डाचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि "बाकीचा कुठे आहे?" एवढेच विचारले.

माझ्या कीबोर्डाचे स्विच उपसता येतात. उद्यमबागच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे एस आणि स्क्रोल लॉक यांची अदलाबदल केली. एसखालचा स्विच काढला तेव्हा त्याच्या फटीत तीन वर्षांच्या कागदाचा भुगा पिवळा पडून बसला होता. नंतर नोटपॅड उघडून 'यांचे' हा शब्द पन्नास वेळा लिहिला आणि एकदाही वर्तुळ आले नाही. आता दुहेरी ठोका स्क्रोल लॉककडे गेला आहे, म्हणजे त्याचा दिवा कधीकधी पेटून लगेच विझतो.

सहा हजार तसेच ठेवतो आहे. दिवाळीपर्यंत आणखी थोडे साठले तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर पाहीन. तळमजलावाले दादा, तुमच्या कीबोर्डावर एक दिवस खेळायला मिळेल का? मंगळवारी दुपारी मला तास नसतो.

टिळकवाडी_तळमजला

मंगळवारी तीननंतर या. येताना तुमचा माउस घेऊन या, माझा डावखुऱ्याचा आहे.

शहापूर_अक्षरजुळणी

आणि त्या स्क्रोल लॉकखाली वीस रुपयांचा नवा स्विच बसव. बावीस वर्षांत ती कळ मी एकदाही दाबलेली नाही, पण मधेच दिवा पेटलेला पाहून तुझे वडील उगाच संगणकवाल्याला बोलावतील.